काचप्रधान घरवाढ (इंग्लंड) : ऊर्जानियम

राहत्या घराला जोडून बांधलेली, भिंतींचा व छपराचा बराच भाग काचेचा असलेली खोली इंग्लंडच्या बांधकाम नियमावलीतील उष्णताबचतीच्या अटींत बसवण्याची रीत. या अटी नियमावलीच्या ‘भाग एल’मध्ये आहेत. त्यांचे आकडे व पद्धती सरकारी मार्गदर्शिकेत (मान्य दस्तऐवज एल, खंड १) दिल्या आहेत. पुढील आकडे २०२१ च्या आवृत्तीतील असून ती १५ जून २०२२ पासून लागू झाली. नगररचना खात्याची परवानगी ही स्वतंत्र बाब आहे. ती लागत नसली म्हणून भाग एलमधून सुटका होत नाही. वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे.

पार्श्वभूमी : ओळीने बांधलेल्या जुन्या इंग्रजी घरांची मागची बाजू सहसा अंधारी. स्वयंपाकघर बागेकडे वाढवून तिथे काच लावण्याची हौस त्यातून आली. १९५९ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काचेची पद्धत जाहीर केली आणि पुढे मोठी, सपाट काच सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. नियम तिच्या मागोमाग धावत राहिले. १९९५ च्या मार्गदर्शिकेत खिडक्या-दारांची मर्यादा चटईक्षेत्राच्या २२.५ टक्के होती. २००२ मध्ये ती २५ टक्के झाली, पण काचेची गुणवत्ताही वाढवून मागितली गेली. घरवाढ करताना मूळ घराचीही ऊर्जासुधारणा सक्तीची करावी, हा प्रस्ताव २०१२ मध्ये ‘काचघर कर’ म्हणून वृत्तपत्रांनी झोडपला आणि तो बारगळला.

यू-मूल्य : आत-बाहेरच्या तापमानात १ अंशाचा फरक असताना १ चौ. मी. पृष्ठातून निसटणारी उष्णता, वॅटमध्ये. जितके कमी तितके चांगले. नव्या घरवाढीत भिंत व जमीन ०.१८, छप्पर ०.१५, खिडक्या व काचेची दारे १.४, सपाट छतावरचा काचझरोका २.२ ही कमाल मूल्ये. म्हणजे नियमात बसणारी खिडकीसुद्धा त्याच मापाच्या भिंतीच्या जवळजवळ आठपट उष्णता बाहेर सोडते. सगळा वाद या एका गुणोत्तरातून निघतो. साध्या दुहेरी काचेचे मूल्य २.८ च्या आसपास. मध्ये आर्गॉन वायू व काचेवर उष्णता परत आत वळवणारा ‘लो-ई’ लेप असल्यास ते १.२ पर्यंत उतरते. मात्र माहितीपत्रकात अनेकदा फक्त काचेच्या मध्यभागाचे मूल्य छापतात. हिशेबात चौकट आणि कडेची पट्टी धरून संपूर्ण खिडकीचे मूल्य घ्यावे लागते व ते बहुधा जास्त निघते. घडीच्या दारांत अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या बऱ्याच असल्याने हा फरक तिथे विशेष जाणवतो.

पंचवीस टक्क्यांचा नियम : घरवाढीतील खिडक्या, छतखिडक्या व दारे यांचे एकूण क्षेत्र तिच्या चटईक्षेत्राच्या २५ टक्क्यांहून अधिक नसावे, मात्र बांधकामामुळे बुजलेल्या किंवा आत गेलेल्या जुन्या खिडक्या-दारांचे क्षेत्र त्यात मिळवता येते. ही सवलत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काच उत्तरेला आहे की दक्षिणेला, हे मात्र नियम पाहत नाही. उष्णताशास्त्राच्या दृष्टीने हे विचित्रच आहे.

मर्यादा ओलांडल्यास : दोन वाटा. पहिली, क्षेत्रभारित सरासरीची : त्याच मापाच्या, पण सर्व मर्यादा पाळणाऱ्या कल्पित घरवाढीशी तुलना करायची. समजा, घरवाढ ६ × ४ मी., म्हणजे २४ चौ. मी. २५ टक्क्यांचे ६ चौ. मी. आत गेलेले जुने अंगणदार १.८ × २.१ मी. (३.७८) व एक खिडकी १.२ × १ मी. (१.२०). एकूण परवानगी १०.९८ चौ. मी. मालकाला हवे ५ × २.१ मी.चे घडीचे दार (१०.५०) व ३ चौ. मी.चा काचझरोका : १३.५० चौ. मी. जादा २.५२. तेवढ्या भिंतीच्या जागी काच आल्याने १.४ वजा ०.१८, म्हणजे १.२२ च्या दराने प्रति अंश ३.०७ वॅटची तूट पडते. दार १.२ मूल्याचे घेतले तर २.१० वॅट भरून निघतात. जमिनीखाली जाड इन्सुलेशन घालून तिचे मूल्य ०.१४ वर आणले तर आणखी ०.९६, बेरीज ३.०६. केसभर कमीच! ०.१३ वर आणल्यास १.२० मिळून बेरीज ३.३० होते आणि हिशेब सुटतो. अशी तडजोड कागदावर असतानाच करावी. काँक्रीट पडल्यावर जमिनीचे मूल्य बदलता येत नाही.

दुसरी वाट सॅप या गणनपद्धतीची. यात मूळ घर व घरवाढ एकत्र धरतात आणि कल्पित घरवाढ जोडलेल्या त्याच घराशी तुलना करतात. माळ्यावरचे इन्सुलेशन, पोकळ भिंतींतील भरणा, नवा बॉयलर अशा मूळ घरातील सुधारणा यात जमेस धरता येतात. सूर्याची उष्णताही मोजली जाते. जवळजवळ पूर्ण काचेच्या घरवाढीला सहसा हीच वाट उरते. मूळ घर आधीच सुधारलेले असेल, तर भरपाईला फारसे काही शिल्लक राहत नाही.

काचघराची सूट : तळमजल्यावरील, ३० चौ. मी.हून लहान, घरापासून बाहेरच्या दर्जाच्या भिंती-दारांनी तोडलेले व घराची तापनव्यवस्था आत न नेलेले काचघर (कॉन्झर्व्हेटरी) भाग एलमधून मुक्त असते. सुरक्षित काचेची अट मात्र लागू राहते. सुटीत न बसणाऱ्या काचघरालाही, उष्णतेची फारकत कायम ठेवल्यास व तापनाला स्वतंत्र नियंत्रण असल्यास, २५ टक्क्यांची मर्यादा लागत नाही. मधले दार काढून काचघर स्वयंपाकघरात मिसळले की सूट संपते. जुन्या काचघरावर कौलारू किंवा भरीव छप्पर चढवल्यास त्याचा दर्जा काय, यावर तपासनिसांमध्ये एकवाक्यता दिसत नाही.

अतितापन : जास्त काचेमुळे खोली उन्हात तापू शकते, पण त्याविषयीचा नियमावलीतील ‘भाग ओ’ केवळ नव्या निवासी इमारतींना लागू, घरवाढीला नाही.

भारतातील तरतूद : ऊर्जा दक्षता ब्युरोच्या इको निवास संहितेत (२०१८) चटईक्षेत्राशी असेच गुणोत्तर आहे, पण उलट दिशेने. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र किमान १६.६६ टक्के हवे. इंग्लंडमध्ये चिंता उष्णता निसटण्याची, भारतात वारा न खेळण्याची.



तपासणी व दाखला : काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक परिषदेच्या बिल्डिंग कंट्रोलकडे किंवा नोंदणीकृत खासगी तपासनिसाकडे जावे लागते. संपूर्ण नकाशे आधी मंजूर करून घेणे किंवा केवळ सूचना देऊन काम सुरू करणे, असे दोन मार्ग परिषदेकडे आहेत. काच जास्त असेल तर पहिलाच बरा, कारण हिशेब आधी तपासला जातो. जुन्या खिडक्या बदलणारा, ‘फेन्सा’ या योजनेत नोंदणी केलेला कारागीर त्या कामाचा दाखला स्वतः देऊ शकतो, पण नव्या घरवाढीतील काचकाम त्या योजनेत येत नाही. अखेरीस पूर्णत्वाचा दाखला मिळतो. घर विकताना खरेदीदाराचा वकील तो मागतो. तो नसल्यास, ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या कामासाठी परिषदेकडे नियमितीकरणाचा अर्ज करता येतो. त्या वेळी जमीन वा छप्पर उघडून दाखवण्यास सांगितले जाऊ शकते.