हवा कीं चढण? : आल्प्समधील सुट्टीचा इतिहास

प्रकृति जराशी ढासळली कीं हवापालटासाठीं डोंगरावर जावें, हा सल्ला मराठी घरांत कित्येक पिढ्यांपासून दिला जात आहे. त्या शब्दांतच एक समजूत दडलेली आहे. गुण यावयाचा तो हवेनें. माणसानें तेथें जाऊन स्वस्थ रहावयाचें एवढेंच. डोंगरावरील थंड व निर्मळ हवा सुखकर असते, यांत वाद नाहीं. परंतु डोंगरावरून परत आलेल्या माणसाच्या अंगीं जो नवा हुरूप दिसतो, तो हवेनें दिला कीं त्याच्या स्वतःच्या पायांनीं मिळविला, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. युरोपांतील आल्प्स पर्वताच्या छायेंत या प्रश्नाचा विचार शतकानुशतकें चालला होता. आणि त्याच्या उत्तरावर अनेक रोग्यांचें बरेंवाईट अवलंबून होतें.

या विचाराचा आरंभ एका वैद्यापासून झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. झूरिकचे कॉनराड गेस्नर हे वैद्य होते, तसेच सृष्टिशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. १५४१ सालीं त्यांनीं दूध व दुधाचे पदार्थ यांवर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि त्याला जोडलेल्या पत्रांत आपला एक संकल्प मित्राला कळविला. दरवर्षीं, वनस्पतींना बहर आलेला असतांना, निदान एक तरी पर्वत चढावयाचा. त्यायोगें वनस्पतींचा अभ्यास होईल, शरीराला व्यायाम घडेल आणि मनही प्रसन्न राहील, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या काळीं डोंगर म्हणजे भयाचें स्थान होतें. लुसर्नजवळच्या पिलाटुस पर्वतावरील तळ्यांत पाँटियस पायलेटचा अतृप्त आत्मा वास करतो आणि त्याला कोणी डिंवचलें तर वादळ उठतें, अशी लोकांची समजूत होती. १५५५ मध्यें गेस्नर तो पर्वत चढून आले आणि त्यांनीं त्याचें वर्णन लिहिलें.

गेस्नर यांचा कित्ता गिरविणारे लोक मात्र पुढें दीर्घ काळ थोडेच निघाले. १७८६ मध्यें जाक बाल्मा व डॉक्टर मिशेल पाकार या दोघांनीं मों ब्लां हें आल्प्समधील सर्वांत उंच शिखर प्रथम गांठलें, आणि तेव्हांपासून लोकांचा धीर चेपूं लागला. लंडनमध्यें १८५७ सालीं ‘आल्पाइन क्लब’ निघाला. १८६३ मध्यें टॉमस कुक यांनीं आपली पहिली मंडळी स्वित्झर्लंडला नेली. त्या मंडळींत यॉर्कशायरची जेमायमा मॉरेल नांवाची तरुणी होती. तिनें ठेवलेली रोजनिशी पुढें प्रसिद्ध झाली. पायघोळ झगे सांभाळीत, पहाटे उठून घाट चढणाऱ्या आणि हिमनदी ओलांडणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांचें चित्र तींत पहावयास मिळतें. आगगाडी व पगारी सुट्टी यांमुळें डोंगर हळूहळू सामान्य शहरवासीयांच्या आटोक्यांत आला.

या प्रवाशांमध्यें बुद्धिजीवी लोकांचा भरणा मोठा होता. पदार्थविज्ञानवेत्ते जॉन टिंडॉल प्रयोगशाळेंतील श्रमांनीं व निद्रानाशानें गांजले कीं आल्प्सची वाट धरीत. १८६१ मध्यें वाइसहॉर्न शिखरावर पहिलें पाऊल त्यांच्याच तुकडीनें ठेवलें. त्यांनीं आपल्या पर्वतविषयक पुस्तकाच्या नांवांत आल्प्समधील वेळेला विश्रांतीचे नव्हे, तर व्यायामाचे तास म्हटलें. लेस्ली स्टीफन हे लहानपणीं अशक्त प्रकृतीचे होते. पुढें ते नामांकित गिर्यारोहक झाले आणि आल्प्सला त्यांनीं युरोपचें क्रीडांगण ठरविलें. हीं दोन्ही पुस्तकें १८७१ सालचीं आहेत.

याहून बोलकें उदाहरण लूसी वॉकर या बाईंचें आहे. लिव्हरपूलच्या या तरुणीला संधिवाताचा त्रास होता. डॉक्टरांनीं चालण्याचा व्यायाम सुचविला, म्हणून १८५८ सालीं ती वडिलांबरोबर व भावाबरोबर आल्प्समध्यें गेली. आरंभ साध्या पायवाटांनीं झाला. सहा वर्षांनीं, १८६४ मध्यें, ती आयगर शिखरावर पोंचली, आणि १८७१ मध्यें मॅटरहॉर्नच्या माथ्यावर उभी राहिली. या दोन्ही शिखरांवर गेलेली ती पहिली स्त्री होय. सुमारें वीस वर्षें तिचा हा क्रम चालू राहिला. एलिझाबेथ ल ब्लों या बाई तर छातीच्या विकाराच्या शंकेनें हवापालटासाठींच आल्प्समध्यें आल्या होत्या. त्याच १९०७ सालीं स्त्रियांच्या आल्पाइन क्लबच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या बाई तेथें नुसती हवा घेत बसल्या असत्या, तर त्यांचें नांव आज कोणाला ठाऊकही नसतें.

तथापि दोनचार उदाहरणांवरून शास्त्र सिद्ध होत नाहीं, आणि वैद्यांचें तर या बाबतींत एकमत मुळींच नव्हतें. क्षयरोगाच्या बाबतींत हा मतभेद विशेष तीव्र झाला. जर्मनीच्या सायलेशिया प्रांतांत हेर्मान ब्रेमर यांनीं १८५४ पासून डोंगराळ भागांत क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम चालविलें. तेथें रोग्यांना बेताबेतानें चढणीवर चालावयास लावीत, आणि वाटेंत विसाव्यासाठीं बाकें ठेवलेलीं असत. पेटर डेटवायलर हे त्यांचेच रोगी व शिष्य. परंतु पुढें फाल्केनस्टाइन येथें त्यांनीं नेमका उलट मार्ग धरला. उघड्या सज्जांत, लोकरी पांघरुणें घेऊन, रोग्यांनीं दिवसभर पडून रहावयाचें, हा त्यांचा उपचार होता. स्वित्झर्लंडमधील दाव्होस गांवीं आलेक्सांडर श्पेंगलर यांच्याकडे १८६५ पासून हिवाळ्यांतही क्षयरोगी येऊं लागले होते. तेथेंही कालांतरानें पडून राहण्याचीच पद्धत रूढ झाली. ज्वरानें पोखरलेल्या देहाला श्रम सोसत नाहींत, या दृष्टीनें विश्रांतीचा आग्रह समजण्यासारखा होता. पण खरें औषध ना हवेंत होतें, ना चढणींत. १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, आणि त्यानंतरच या रोगावर औषधांचा खरा इलाज सुरू झाला.

हृदयाच्या दुखण्यांत मात्र चढणीचा पक्ष अधिक बळकट निघाला. म्यूनिकचे डॉक्टर माक्स योझेफ एर्टेल यांनीं १८८० नंतरच्या दशकांत एक धाडसी मत मांडलें. हृदय हाही एक स्नायूच आहे. तेव्हां दुर्बळ झालेल्या हृदयाला सदैव निजवून न ठेवतां मोजूनमापून काम द्यावें, असें ते म्हणत. त्यासाठीं त्यांनीं डोंगराच्या वाटाच औषधाच्या मात्रांप्रमाणें वापरल्या. सपाट रस्ता, सौम्य चढ, लांब चढ आणि उभी चढण अशी त्यांची प्रतवारी करून, अंतरांच्या खुणा लावून व नकाशे छापून रोग्यांच्या हातीं दिले जात. राइखेनहाल, मेरान अशा ठिकाणीं या वाटा आखण्यांत आल्या. आज किती चालावयाचें, कोठें थांबावयाचें आणि उद्यां किती वाढवावयाचें, हें वैद्य ठरवून देई. दमलेलें हृदय चढणीनें फुटेल, अशी धास्ती अनेकांना वाटे. आणि मात्रा चुकली तर ती धास्ती निराधारही नव्हती.

चढणीनें शरीराला किती काम पडतें, याचें मोजमापही आल्प्सवरच झालें. १८६५ च्या ऑगस्टमध्यें झूरिकचे दोन प्राध्यापक, शरीरशास्त्रज्ञ आडोल्फ फिक व रसायनज्ञ योहानेस व्हिस्लीसेनुस, हे ब्रिएन्झ सरोवराच्या कांठावरून फाउलहॉर्न शिखर चढून गेले. चढण १९५६ मीटरांची होती. आदल्या दिवसापासून त्यांनीं मांस, अंडीं, दूध यांसारखे प्रथिनयुक्त पदार्थ वर्ज्य केले होते. पिठूळ वड्या, चरबी, साखर एवढ्यावरच त्यांचा निर्वाह होता. स्नायु हे प्रथिनें जाळून काम करतात, असें मत लीबिख या थोर रसायनज्ञाचें होतें. फिक यांचें वजन ६६ किलोग्राम होतें; तेव्हां नुसतें तें वर नेण्यासच सुमारें १,२९,००० किलोग्राम-मीटर काम पडलें. मूत्रांतील नायट्रोजनावरून जळालेल्या प्रथिनांचा हिशेब केला, तेव्हां त्यांची शक्ति फार तर निम्म्या कामाला पुरती असें आढळलें. उरलेली शक्ति साखर, पिष्ट व चरबी यांतूनच आली असली पाहिजे. अर्थात् लीबिख यांचें मत टिकलें नाहीं. सामान्य माणसाला यांतून एवढें कळलें, कीं डोंगर चढणें म्हणजे स्वतःचें ओझें स्वतः उचलणें होय, आणि तें ओझें लहान नसतें.

एवढें होऊनही विश्रांतीचा पगडा चटकन् उतरला नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला कित्येक आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवीत. १९५२ मध्यें बॉस्टनच्या लेव्हाइन व लाउन या डॉक्टरांनीं अशा रोग्यांना लौकर खुर्चीत बसवावें असें सुचविलें, तेंही त्या वेळीं अनेकांना धाडसाचें वाटलें. १९६६ मध्यें अमेरिकेंतील डॅलस येथें विशीच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलें. त्या अवधींत त्यांची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति चतुर्थांशाहून अधिक घटली. पुढें व्यायाम सुरू होतांच ती भरून आली. आज हृदयरोग्यांना वैद्यांच्या देखरेखीखालीं क्रमाक्रमानें चालावयास लावतात. एर्टेल यांच्या विचाराचें सार त्यांत टिकून आहे.

मग हवेचा वांटा कांहींच नाहीं काय? तसें नव्हे. उंचीवर प्राणवायु विरळ होतो आणि शरीर त्याला उत्तर देतें. पेरू देशांतील उंच पठारावर फ्रान्स्वा व्हिओ या फ्रेंच डॉक्टरांना रक्तांतील तांबड्या पेशींचें प्रमाण वाढलेलें आढळलें होतें, ही १८९० ची गोष्ट. पण या खऱ्या वाढीला उंची पुष्कळ व मुदत आठवड्यांची लागते. मध्यम उंचीवरील आठपंधरा दिवसांच्या सुट्टींत जो लाभ होतो, तो बहुतांशीं पायांचा व श्वासाचा असतो. चढतांना हृदय व फुप्फुसें राबतात. उतरतांना मांड्यांचे स्नायु ताणले जाऊन शरीराचा भार पेलतात, आणि म्हणूनच पहिल्या दिवसाच्या उतरणीनें दुसऱ्या दिवशीं मांड्या भरून येतात.

गेस्नर यांनीं दरवर्षीं एक पर्वत असा नेम धरला, लूसी वॉकर यांनीं साध्या वाटांपासून आरंभ केला, एर्टेल यांनीं मात्रा मोजून वाढविली. या तिन्ही गोष्टींचें तात्पर्य एकच आहे : डोंगराचा गुण बेतानें आणि सातत्यानें घ्यावयाचा असतो. कमावलेली ताकद घरीं बसल्यानें थोड्याच आठवड्यांत ओसरूं लागते, हेंही शास्त्रानें दाखविलें आहे. माथेरानला आजही खासगी मोटारी दस्तुरीच्या नाक्यावरच थांबतात, आणि पुढें तांबड्या मातीची वाट सुरू होते. हवापालटासाठीं गेलेल्या कुटुंबानें ती वाट पायीं चालावी, आणि परत आल्यावर घरचा जिनाही चढण्याची संवय सोडूं नये.