शिळा, प्रकाश आणि नक्कलकाराचा हात
शिळाछाप म्हणजे लेखनिकाच्या हस्ताक्षराची छपाई, ही वाङ्मयेतिहासातील रूढ समजूत अपुरी आहे. १८५५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फोंस प्वातेव्हाँ याने डायक्रोमेटयुक्त थर देऊन शिळेवर छायाचित्र उमटविले : प्रकाशाने कठीण झालेला भाग तेलकट शाई धरतो, उरलेला भाग ओलावा धरून तिला दूर सारतो. पुढे ही प्रतिमा आधी कागदावर घेऊन शिळेवर उतरविली जाऊ लागली. लोणावळ्यास दादासाहेब फाळके रविवर्मा प्रेससाठी अशीच फोटो-लिथोची कामे करीत. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मधील दृश्यरचनेचे मूळ आपण केवळ नाटकात शोधतो, ही मला उणीव वाटते. फाळके यांची अंधारखोली त्याआधीची आहे. तेथे चित्र आणि शिळा यांमधला नक्कलकार मागे सरला, पण नाहीसा झाला नाही. रंगांच्या शिळा कारागीर ठिपका-ठिपका देत हातानेच सिद्ध करीत होते.