सावित्रीचे पाणी आणि पाण्याखालचा कॅमेरा

पाण्याखाली चित्रण करणारा कॅमेरा निवडताना त्याची किंमत, चित्राचा बारकावा आणि तो किती मीटर खोलीपर्यंत टिकतो, एवढेच पाहण्याची रीत सध्या रूढ आहे. या साधनाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आणि महाड-पोलादपूरच्या सावित्री नदीने 2016 साली दिलेला अनुभव एकत्र ठेवून पाहिले, तर निवडीचा पहिला निकष ज्या पाण्यात उतरायचे ते पाणी हाच असला पाहिजे, हे स्पष्ट होते.

पाण्याखालच्या छायाचित्रणाचा पाया फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल येथे घातला गेला. तेथे लुई बुताँ या जीवशास्त्रज्ञाने 1893 साली जलरोधक पेटीत बसवलेला कॅमेरा समुद्रात उतरवला. त्या काळच्या काचपट्ट्या प्रकाशाला मंदपणे प्रतिसाद देणाऱ्या असल्याने एकेका चित्रासाठी दीर्घकाळ स्थिर राहावे लागे, आणि म्हणूनच पाण्याखाली कृत्रिम उजेड कसा न्यावा हा प्रश्न बुताँला प्रथमपासून सोडवावा लागला. पुढे 1943 साली झाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी स्कूबाचे, म्हणजे पाठीवरच्या टाकीतून गरजेपुरती हवा पुरवणारे, उपकरण सिद्ध केले आणि पाणबुड्याची जहाजावरून येणाऱ्या हवेच्या नळीपासून सुटका झाली. 1963 साली जपानमध्ये आलेला निकोनॉस हा कॅमेरा वेगळ्या पेटीवाचूनच पाण्यात नेता येत असे. अ‍ॅक्शन कॅमेरा, म्हणजे अंगावर किंवा काठीवर बसवून हालचालीत चित्रण करणारा लहान कॅमेरा, मात्र पाणबुड्यांसाठी जन्मलेला नव्हता. निक वुडमन यांनी 2002 साली स्थापन केलेल्या गोप्रो कंपनीचे पहिले साधन लाटांवर स्वार होणाऱ्यांच्या मनगटासाठी होते आणि त्यात फिल्मच भरावी लागे. याच कंपनीचा हिरो 5 हा कॅमेरा 2016 च्या उत्तरार्धात बाजारात आला, तेव्हा तो कवचाशिवाय 10 मीटर खोलीपर्यंत नेता येऊ लागला.

त्याच वर्षी, 2 ऑगस्टच्या रात्री, मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल महाडजवळ कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या एस.टी.च्या दोन गाड्या, तसेच एक जीप, प्रवाशांसह पुरात वाहून गेल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, तटरक्षक दल आणि नौदलाचे पाणबुडे शोधाला लागले. क्रेनला टांगलेले जड लोहचुंबक नदीपात्रात फिरवण्यात आले. तरीही पहिल्या बसचा सांगाडा हाती लागायला आठवड्याहून अधिक काळ गेला, आणि तो सापडला तेव्हा पुलापासून फार दूर नव्हता.

एवढ्या जवळची आणि एवढी मोठी वस्तू इतके दिवस का दिसली नाही, याचे उत्तर नदीच्या स्वभावात आहे. सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपूरला येते आणि तेथून महाडकडे वळून पुढे बाणकोटच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर कोसळणारे पाणी डोंगरउतारांची तांबडी माती घेऊन खाली येते. महाडच्या आसपास उतार कमी होतो, समुद्राला भरती असली की पाण्याचा निचरा मंदावतो आणि गाळ पाण्यात तरंगत राहतो. त्यात नदीत मगरींचा वावर आहे. अशा पाण्यात दिवा लावला तर त्याचा उजेड समोरच्या वस्तूपर्यंत पोहोचण्याआधीच गाळाच्या कणांवर आदळून भिंगाकडे परततो आणि पडद्यावर तांबूस धुक्याखेरीज काही उमटत नाही. म्हणून अशा वेळी पाणबुडा दोरीच्या आधाराने तळ हातांनी चाचपडत पुढे सरकतो. ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र रेखाटणारे सोनार हे यंत्रही तेथे उपयोगी पडते, कारण ते उजेडावर अवलंबून नसते.

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठळक छापलेला खोलीचा आकडा हा दाबाविषयीचा असतो. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवर मोकळ्या हवेचा जो दाब असतो तेवढ्याने, वाढतो आणि तो दाब सोसण्याची मर्यादा त्या आकड्यातून कळते. गढूळपणाविषयी तो काहीही सांगत नाही. सावित्रीसारख्या नदीत दाबाची अडचण किरकोळ असते आणि दृश्यमानतेची, म्हणजे वस्तू किती अंतरावरून दिसते याची, अडचण निर्णायक ठरते.

याच कोकणात मालवणला परिस्थिती वेगळी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हिवाळ्यात पाणी निवळलेले असते आणि पर्यटकांसोबत उतरणारे प्रशिक्षक हातातल्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्याने प्रत्येकाचे चित्रण करतात. तेथे खोलीचा आकडा, कवच आणि रंग या तिन्ही गोष्टींना अर्थ येतो. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे पाच-सहा मीटरखाली चित्र निळे-हिरवे पडते. ते सुधारण्यासाठी निळ्या पाण्यात लाल आणि हिरवट पाण्यात किरमिजी गाळणी भिंगापुढे लावतात किंवा दिवा जवळ नेतात. विस्तृत कोनाचे भिंग घेण्याचे कारणही पाण्यातच आहे. मधल्या पाण्याचा थर जितका पातळ तितके चित्र स्वच्छ येते, आणि असे भिंग असले की वस्तूच्या अगदी जवळ जाऊनही ती चौकटीत पूर्ण मावते. कवचाच्या झाकणाखालचे रबरी कडे मात्र प्रत्येक बुडीपूर्वी तपासावे लागते, कारण त्यावर वाळूचा एखादा कण किंवा केस राहिला तरी पाणी आत शिरते.

महाड-पोलादपूरच्या नद्यांसाठीही या साधनाचा उपयोग आहे, मात्र तो पुरानंतरच्या शोधात नाही. नव्या सावित्री पुलाचे लोकार्पण 5 जून 2017 रोजी झाले. परंतु या दोन तालुक्यांत नद्या-ओढ्यांवरचे लहान पूल आणि साकव पुष्कळ आहेत, आणि वाहते पाणी पुलाच्या पायाभोवतीची माती व दगड खरवडून नेते, हा पुलांचा जुना शत्रू आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, पाणी निवळलेले व उथळ असताना, काठीच्या टोकाला बांधलेला साधा कॅमेरा आणि एक दिवा एवढ्यावर पायाच्या सांध्यांचे चित्रण होऊ शकते, आणि मगरींच्या पाण्यात त्यासाठी माणसाला उतरावेही लागत नाही. असे चित्रण दरवर्षी त्याच जागी करून जपून ठेवले, तर कोणता दगड निखळला आणि कोठे पोकळी वाढली हे दोन वर्षांची चित्रे शेजारी ठेवून अभियंत्याला पाहता येईल. पूरकाळासाठी शासनाने प्रशिक्षित पाणबुडे आणि सोनार यांवर खर्च करावा, आणि कॅमेऱ्याचे काम पावसाळा येण्याआधी, पूल उभा असतानाच उरकून घ्यावे.