क्यूबाचे बेट आणि नागरिकाची संमती

२२ ऑक्टोबर १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी अमेरिकन जनतेस सांगितले, की क्यूबात सोव्हिएत अण्वस्त्रांचे तळ उभे राहत आहेत. सागरी नाकेबंदीस बहुसंख्य नागरिकांनी पाठिंबा दिला. सेनाप्रमुखांचे मात्र तेवढ्याने समाधान होईना. आधी विमानहल्ला, मग बेटावर चढाई, असा त्यांचा आग्रह होता. २७ तारखेस अमेरिकेचे टेहळणी विमान पाडले गेले, वैमानिक मृत्युमुखी पडला, आणि सूडाची भाषा सुरू झाली.

पण हा सल्ला कोणत्या माहितीवर उभा होता? बेटावर सुमारे १०,००० सोव्हिएत सैनिक असावेत, हा हेरखात्याचा अंदाज. प्रत्यक्षात होते ४०,००० हून अधिक. शिवाय, किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेवरच डागता येतील अशी लहान पल्ल्याची अण्वस्त्रे तेथे आधीच पोहोचली होती. तेव्हाचे संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांना ही गोष्ट कळली ती १९९२ साली, हवानाच्या परिषदेत. जे मंत्र्यालाच ठाऊक नव्हते, ते जोखून सामान्य नागरिकाने युद्धास होकार द्यावा तरी कसा?

केनेडींनी चढाई टाळली. तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे वचन त्यांनी गुप्तपणे दिले, व जनतेपासून ते लपविले. केवळ कणखरपणापुढे शत्रू नमला, ही समजूत अमेरिकेत रूढ झाली ती त्यामुळेच.