जमीन वाचली, बियाणे कोठून आणावे?

सहकारी पतपेढी म्हटली की आम्हा वसईकरांना पापडी येथे १९१८ साली निघालेली संस्था आणि मॉन्सिन्योर मोनीस यांचे नाव आठवते. ते उचितच आहे. परंतु तिच्याही नऊ वर्षे आधी, छोटानागपूरच्या डोंगराळ मुलखात, मुंडा व उरांव आदिवासींसाठी एका येशूसंघीय धर्मगुरूने रांचीला अशीच संस्था उभारली होती, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या धर्मगुरूंचे नाव फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन. जन्म १८५७ साली जर्मनीत. १८७७ साली ते भारतात आले. त्यांच्या पूर्वी फादर कॉन्स्टंट लिव्हन्स यांनी १८८५ पासून आदिवासींना कोर्टकचेरीत साहाय्य केले होते. जमीनदारांविरुद्धचे दावे जिंकले जाऊ लागले आणि हजारो लोक ख्रिस्तसभेकडे वळले. पण कोर्टात जिंकलेली जमीन सावकाराच्या वहीत पुन्हा हरवत असे. मुंडांच्या मते जंगल तोडून गाव वसविणाऱ्या कुळांचीच ती भूमी. या खुंटकट्टी हक्काला कागद नव्हता. बाहेरून आलेल्या ‘दिकूं’पाशी मात्र कागदच कागद होते!

हा असंतोष बिरसा मुंडांच्या उलगुलानात पेटला. १८९९ च्या नाताळाच्या सुमारास हॉफमन राहत असलेल्या सरवदा मिशनवरही बाण आले. ज्यांच्यासाठी आपण झिजलो त्यांचेच बाण आपल्या दारावर आलेले पाहून दुसरा एखादा कायमचा दुरावला असता. ९ जून १९०० रोजी बिरसा रांचीच्या तुरुंगात वारले. हॉफमन यांनी मात्र त्या क्षोभाचे मूळ जमिनीत शोधले. १९०३ साली त्यांचे मुंडारी व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे १९०८ च्या छोटानागपूर कूळकायद्याच्या घडणीत त्यांच्या ज्ञानाचा उपयोग झाला. त्या कायद्याने खुंटकट्टी हक्क मान्य केला आणि आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर कडक निर्बंध घातले.

येथे एक नवाच पेच उभा राहिला, आणि आमच्या मते हॉफमन यांची खरी थोरवी येथेच दिसते. जमीन विकता येत नाही, म्हणजे ती तारणही ठेवता येत नाही. मग पेरणीच्या वेळी बी-बियाण्याला, बैल मेला तर दुसऱ्या बैलाला, आजारपणाला पैसा द्यायचा कोणी? कायद्याने सावकाराला दारातून घालवले तरी भूक त्याला परसातून आत घेणारच.

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने वाट मोकळी केली होती. नमुना होता हॉफमन यांच्याच ऱ्हाइन प्रांतातील फ्रिडरिख विल्हेल्म रायफायझन यांचा, ज्यांनी १८६४ साली हेडेसडोर्फला शेतकऱ्यांची कर्जसंस्था काढली होती. (रायफायझन प्रॉटेस्टंट होते, हॉफमन यांना त्याची अडचण वाटली नाही.) एकमेकांना ओळखणारे शेजारी, विनावेतन कारभार, न वाटली जाणारी गंगाजळी आणि मालमत्तेपेक्षा माणसाच्या चारित्र्यावर दिलेले कर्ज ही त्या पद्धतीची अंगे. जमीन तारण न ठेवू शकणाऱ्यांना ती जणू बेतून शिवली होती. १९०९ साली छोटानागपूर कॅथोलिक सहकारी पतसंस्था नोंदली गेली: मध्यवर्ती कारभार रांचीला व तिच्या शाखा धर्मग्रामांतून. थोडी थोडी बचत करणारा आदिवासी आता केवळ ऋणको नव्हता. त्या पैशाचा धनीही होता.

एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. ही संस्था कॅथोलिकांची होती. त्याच गावातला, त्याच कुळातला सरना पाळणारा मुंडा भाऊ तिच्या बाहेर राहिला. सावकाराने मात्र असा भेद कधी केला नव्हता. परस्परविश्वासासाठी एक बांधलेला समाज लागतो, हे समर्थन आम्ही समजू शकतो. तरी ती उणीव उणीवच.

पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून हॉफमन यांना १९१५ साली भारत सोडावा लागला. १९२८ साली ते वारले. परतल्यावर त्यांनी मुंडारी ज्ञानकोशाचे काम चालू ठेवले. तो त्यांच्या हयातीत छापून पूर्ण झाला नाही. रांचीची पतसंस्था मात्र त्यांच्यावाचून चालत राहिली.