आधी कुपन, मग पान

माटुंगा स्टेशनाजवळच्या बाजाराच्या इमारतीत, जिना चढून वर गेलं की रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग. १९४२ सालचं. व्हीजेटीआयच्या होस्टेलात असताना मेस बंद असली की आम्ही सांगली-सोलापूरकडची पोरं तिथे जायचो. आधी कुपन घ्यायचं, मग नंबर लागेपर्यंत थांबायचं. पानावर पाणी शिंपडून ते पुसायचं, एवढं घरून माहीत होतं. पण बादलीतलं गरम रसम भातावर पडलं की पानाच्या शिरेवरून वाहत थेट पँटवर येतं, हे कळायला पँट खराब व्हावी लागली. शेजारचे तमिळ कारकून आधीच भाताचं आळं करून, त्याचा काठ बोटांनी दाबून तयार असायचे. आधी सांबार, मग रसम, शेवटी दही. दही घेतल्यावर पुन्हा सांबार मागणारा मराठी माणूस वाढप्याला लांबूनच ओळखू यायचा.

हे कारकून माटुंग्यात आले कसे? १८९६च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. इंग्रजी, टायपिंग आणि हिशेब जाणणाऱ्या दक्षिणेतल्या तरुणांना रेल्वेत, बँकांत, कंपन्यांत नोकऱ्या मिळत होत्या. ते इथे स्थिरावले. १९३२ साली त्यांनी साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली. पण कित्येकांचं बिऱ्हाड अजून गावीच होतं, आणि एकट्या पुरुषाला दोन वेळा भात लागतो. १९३६चं कॅफे म्हैसूर, १९४०चं कॅफे मद्रास आणि मग रामा नायक ही माळ अशी लागली. चवीचा शोध वगैरे भाग फार नंतरचा.

गंमत अशी की चालवणारे बहुतेक तमिळ नव्हतेच. नायक, कामत ही दक्षिण कानडा जिल्ह्यातल्या, घरी कोकणी बोलणाऱ्या सारस्वतांची आडनावं. त्यांच्याबरोबर तुळू बोलणारे शिवळ्ळी ब्राह्मण आणि पुढे बंट. मुंबई त्यांना सरसकट मद्रासी म्हणायची आणि कागदोपत्री ते १९५६पर्यंत खरंही होतं, कारण उत्तर कानडा मुंबई इलाख्यात, तर दक्षिण कानडा मद्रासकडे होता.

या मंडळींनी आणलेली शिस्त उडुपीच्या कृष्णमठातली. तिथे आठ मठांकडे दर दोन वर्षांनी आळीपाळीने पूजेचा मान जातो, त्याला पर्याय म्हणतात, आणि त्या काळात जेवणावळी उठत असतात. शेकडो पानांचा स्वयंपाक कांदा-लसणाशिवाय करायचा, सोवळं पाळायचं, हे तिथल्या आचाऱ्यांच्या हातातच बसलेलं. उडपी हॉटेलांची स्वच्छता आपण कौतुकाने सांगतो; तिचं दुसरं अंगही सांगायला हवं. मद्रासेत हॉटेलांवर ‘ब्राह्मणांचं’ अशा पाट्या होत्या. पेरियारांच्या अनुयायांनी १९५७ साली ट्रिप्लिकेनच्या मुरली कॅफेसमोर त्याविरुद्ध आंदोलन केलं. माटुंग्याच्या पंगतीत मात्र कुपन असलेला कोणीही कोणाच्याही शेजारी बसला. यात मालकांचं पुरोगामित्व किती आणि रिकामी खुर्ची न परवडण्याचा हिशेब किती? मला हिशेब जास्त वाटतो.

भांडी घासायला गावाकडची लहान पोरं येत. दिवसभर काम, रात्री फोर्टातल्या कानडी रात्रशाळांत अभ्यास, झोप हॉटेलातच. त्यातली काही पुढे मालक झाली. उरलेल्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही. १९६६नंतर दाक्षिणात्यांविरुद्ध मुंबईत आंदोलन पेटलं तेव्हा दगड खाल्ले ते याच हॉटेलांनी. इडली खाऊन मोर्चाला गेलेले मला माहीत आहेत.

सत्तरच्या दशकात कर्नाटकात कूळकायदा कडक झाला, बंटांच्या जमिनी गेल्या आणि मुंबईत त्यांची, म्हणजे शेट्टींची, हॉटेलं वाढली. मेनूकार्डात पंजाबी आलं, चायनीज आलं. शेझवान डोसाही आला, त्याबद्दल मी काही बोलत नाही. रामा नायकांकडे मात्र पानावर अजून भातच वाढतात, आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं.