स्वयंपाकघरातले दप्तर

१९१० हे साल आपल्याकडच्या इतिहासप्रेमी मंडळींना चांगले परिचयाचे आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. वाड्यावाड्यांच्या माळ्यांवर कसर लागून पडलेले कागदांचे रुमाल गोळा करावेत, वाचावेत आणि जपावेत, हा त्या खटाटोपाचा हेतू. त्याच १९१० साली मुंबईत आणखी एक दप्तर छापून बाहेर पडले. पण त्याला दप्तर असे कोणी म्हटले नाही. ते होते लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’. एकाने लढायांचे आणि सनदांचे कागद सांभाळले, दुसरीने चुलीपुढचे ज्ञान कागदावर उतरवले. पहिल्याला आपण इतिहास म्हणतो. दुसऱ्यालाही म्हणावे की नाही, एवढाच माझा आज आपल्यापुढे प्रश्न आहे.

अन्नावर ग्रंथ लिहिण्याची चाल आपल्याकडे नवी नाही, बरे का. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात ‘अन्नभोग’ नावाचे एक प्रकरणच आहे. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठ्यांच्या आश्रयाने रघुनाथ नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ लिहिले. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी त्याचा पुढे कसून अभ्यास केला. त्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावाने ओळखले जाणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तयार झाले. पण हे सारे राजांच्या मुदपाकखान्याचे वैभव. त्यात पंडितांचे शास्त्र आहे, आचाऱ्यांचे कसब आहे. तुमच्याआमच्या आजी-पणजीच्या हाताची चव मात्र तिथे शोधून सापडत नाही. ती कोणी लिहिली नाही, कारण लिहायची गरजच पडत नव्हती. सासूने सुनेला, आईने लेकीला, जावेने जावेला दाखवायचे आणि पाहणारीने पाहून शिकायचे. मीठ किती? तर “अंदाजाने.” शिजले केव्हा समजायचे? तर “वासावरून कळते.”

मग ही गरज केव्हा पडली? १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले. मराठीत छापून निघालेल्या अगदी आरंभीच्या पाकपुस्तकांत ते मोडते. ते एका पुरुषाने लिहिले, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर पस्तीस वर्षांनी लक्ष्मीबाईंचे पुस्तक आले. मधल्या काळात मुलींच्या शाळा निघाल्या होत्या. पुण्यात हुजूरपागा १८८४ पासून चालू होती. बाई लिहू लागली होती. रमाबाई रानड्यांच्या आठवणींचे पुस्तकही याच १९१० सालचे, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो. एकीने संसाराची आठवण लिहिली आणि दुसरीने संसाराची कृती. दोघींच्या हाती लेखणी एकाच पिढीत आली.

पण नुसते लिहिता येणे पुरेसे नाही. आपण एखादी गोष्ट लिहून केव्हा ठेवतो? ती सांगायला माणूस जवळ राहणार नाही, असे वाटू लागले म्हणजे. नोकरीसाठी मुंबईला आलेले जोडपे चाळीतल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड करते. सासूबाई गावी, आई त्याहून लांब. शेजारीण दुसऱ्या जातीची, दुसऱ्या प्रांताची. लोणच्याला बुरशी आली तर विचारायचे कोणाला? तिथे पुस्तक लागते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: छापील पाकपुस्तकाचा जन्म चुलीपाशी झालेला नाही, चुलीपासून माणूस दूर गेला तिथे तो झाला आहे. म्हणून त्यातली प्रत्येक ‘सूचना’ ही एका तुटलेल्या संवादाची जागा भरून काढीत असते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘रसचंद्रिका’. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने हे पुस्तक १९४३ साली मराठीत काढले. संकलन अंबाबाई संशी यांचे. चित्रापूर सारस्वत मंडळी मूळची कारवारकडची. पोटापाण्यासाठी मुंबईत आली, आणि १९१५ साली गावदेवीला त्यांनी सहकारी तत्त्वावर गृहनिर्माण संस्था उभारली. ती देशातल्या पहिल्यावहिल्या अशा संस्थांपैकी एक. घरात बोलायची कोकणी, आणि पुस्तक निघाले मराठीत! मुंबईत वाढणाऱ्या मुली कोणत्या भाषेत वाचत होत्या, याचे उत्तर या एका गोष्टीत मिळते असे मला वाटते. या पुस्तकात नुसते पदार्थ नाहीत. घरगुती औषधे आहेत, गृहिणीला उपयोगी सूचना आहेत, सणवारांची माहिती आहे. म्हणजे गावी राहिलेली आजी जे जे सांगती, ते सगळे दोन पुठ्ठ्यांच्या आत आणून बसवण्याचा हा प्रयत्न. सालही पाहा. मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले ते मे १९४३ मध्ये. दुकानापुढे रांगेत उभे राहण्याच्या त्या दिवसांत या बायका आपल्या समाजाचे सणासुदीचे ताट लिहून काढीत होत्या. याला नुसती हौस म्हणता येणार नाही.

अशी पुस्तके बायकांनी एकत्र येऊन काढावीत ही रीत परदेशांतही आढळते. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता, १८६४ साली फिलाडेल्फियाला जखमी सैनिकांच्या मदतीसाठी मोठी जत्रा भरली होती. तिथे मारिया मॉस या बाईंचे पाककृतींचे पुस्तक विक्रीला होते. लोककार्यासाठी निघालेल्या अशा पुस्तकांतले ते पहिले मानतात. घर विस्कटते, माणसे पांगतात, अशा वेळी बायका पाककृती लिहायला बसतात, असे तिकडेही आणि इकडेही दिसते.

आता ही पुस्तके इतिहासाचा कागद म्हणून वाचायची कशी, ते पाहू. प्रथम मापे घ्या. जुन्या कृतींत शेर, पावशेर, नवटाक, छटाक, तोळा, मासा अशी वजने येतात, आणि चिपटे, मापटे, पायली ही धान्याची मापे येतात. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण शेर म्हणजे कोणता शेर? मुंबईचा जुना शेर सुमारे २८ तोळ्यांचा, आणि पक्का शेर ८० तोळ्यांचा. समजा, कृतीत कैऱ्या शेरांत सांगितल्या आहेत आणि मीठ-मोहरी तोळ्यांत. मुंबईच्या शेराची कृती पक्का शेर धरून केली, तर कैऱ्या जवळजवळ तिप्पट होतात आणि मीठ तेवढेच राहते. लोणचे आठवड्यात नासलेच म्हणून समजा! १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि शेर-छटाक हळूहळू गेले. १९७० साली कमलाबाई ओगल्यांनी ‘रुचिरा’त वाटी आणि चमचा हे माप धरले, त्यातले शहाणपण इथे कळते. वाटी लहान असो की मोठी, सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले की प्रमाण चुकत नाही. कोणत्याही घरात, कोणत्याही गावात ते माप चालते. ते पुस्तक लग्नात नव्या नवरीला भेट म्हणून जाऊ लागले, ते काही उगीच नव्हे. सासूचे काम ते पुस्तक करीत होते.

मापांनंतर भांडी. ‘आंबट पदार्थ कल्हई केलेल्या भांड्यातच ठेवावा’ ही सूचना आजच्या मुलीला कोड्यासारखी वाटेल. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की ताक, आमटी, चिंचेचे सार कळकते, आणि ते पोटात गेले तर वांत्या होतात. त्या एका ओळीमागे गल्लीगल्लीतून हाक देत फिरणारा कल्हईवाला उभा आहे, त्याचा भाता आहे, नवसागराचा तो उग्र धूर आहे. घरोघर स्टीलची भांडी आली आणि तो धंदाच बसला. तसेच विस्तवाचे. ‘वर-खाली निखारे ठेवून भाजावे’ असे वाचले की समजावे, ओव्हन नसतानाही पाठारे प्रभूंच्या घरी भानोले कसे होत असेल. ‘एकतारी पाक’, ‘गोळीबंद पाक’ या शब्दांत तर बोटांनाच उष्णतामापक केलेले आहे. बरणीला हिंगाची धुरी द्यावी, डाळीला एरंडेल चोळावे, धान्यात कडुनिंबाचा पाला घालावा, या सूचना वाचताना वर्षाचे धान्य एकदम भरणारे घर डोळ्यांपुढे येते. ज्या घरात किराणा आठवड्याचा येतो, त्या घराला ही सूचना लागत नाही. आणि बाळंतिणीच्या खाण्यापिण्याची ती लांबलचक पाने! डिंक, अळीव, मेथी, बाळंतशोपा. डॉक्टर दूर होता आणि बाळंतपण घरातच व्हायचे, हे कोणी मुद्दाम सांगत नाही. पण पानोपानी ते लिहिलेले आहे.

छापील पुस्तकांची ही गोष्ट झाली. पण खरा खजिना त्याहून जवळ आहे, आणि तो धोक्यात आहे. मी राहतो त्या धायरीचेच पाहा ना. सिंहगडच्या वाटेवरचे, धारेश्वराचे हे गाव. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुण्याभोवतालची अकरा गावे महानगरपालिकेत आली, त्यांत धायरीचाही समावेश झाला. शेते होती तिथे इमारती उभ्या राहिल्या. सांगली-सोलापूरची, मराठवाड्यातली, खानदेशातली माणसे इथे बिऱ्हाडाला आली. गावदेवीच्या चाळीत शंभर वर्षांपूर्वी जे घडले तेच इथे नव्याने घडते आहे. मी वर्गातल्या मुलांना सांगितले, घरात आजीची, आईची एखादी पदार्थांची वही असली तर आणून दाखवा. दिवाळीच्या सुटीनंतर नऊ वह्या आल्या.

काय होते त्या वह्यांत? एकीच्या मागच्या पानांवर दुधाचा हिशेब होता. एकीत ‘वन्संचे लिंबाचे लोणचे’ आणि ‘कऱ्हाडच्या आत्याबाईंच्या कुरडया’ अशी शीर्षके होती. वन्संचे नाव कुठेच नाही, पण लोणचे त्यांचे आहे, हे तीन पिढ्यांनी मान्य केलेले. एका जीर्ण वहीत ‘मिलोची भाकरी’ असे लिहून पुढे चार ओळी होत्या: पाणी उकळते घ्यावे, पिठाची उकड काढावी, घरची ज्वारी असल्यास मूठभर मिसळावी, लगेच खावी, गार झाली तर मुलांना चावत नाही. मुलांना याचा अर्थ लागेना. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळत होती, आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती, हे मी त्यांना सांगितले. किती धान्य आले, किती मजूर खडी फोडायला गेले, हे सरकारी अहवालांत सापडेल. त्या धान्याची भाकरी थापताना मोडत होती, आणि एका आईने ती न मोडण्याची युक्ती शोधली, हे फक्त त्या वहीत आहे. ती वही रद्दीत गेली असती तर?

आणि ज्यांच्या घरी वहीच नव्हती त्यांचे काय? हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. आपली जुनी पाकपुस्तके लिहिली ती शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी अशा घरांनी. तेल, तूप, दूध, गूळ घरात असणार हे त्यांत गृहीतच धरलेले. मोलमजुरी करणाऱ्या, गावकुसाबाहेर ठेवलेल्या घरांचे अन्न त्या पानांवर येत नाही. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले, तेव्हा ही उणीव पहिल्यांदा इतक्या ठळकपणे डोळ्यांत भरली. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या घरचे खाणे त्यांनी आठवणींसकट लिहिले. मांसाच्या वाळवलेल्या चान्या, रानातला पाला, मिळेल त्यात भागवण्याची रीत, आणि ते का तसे खावे लागे याचा जाबही. पदार्थाची कृती आणि कुटुंबाची आठवण एकाच पानावर आली म्हणजे इतिहास किती परखड होतो, हे त्या पुस्तकाने दाखवले. ‘आमच्याकडे लिहिण्यासारखे काही नाही’ असे म्हणणाऱ्या घरांनी तर ते अवश्य पाहावे.

तेव्हा वाचकहो, आपल्याला एक काम सांगतो. राजवाड्यांसारखी पायपीट करायला नको. घरात वही असेल तर तिच्या पहिल्या पानावर लिहा: ही कोणाची, माहेर कुठले, सासर कुठले, साधारण कोणत्या सालची. ‘वाटी’ म्हटले असेल तर ती वाटी घरात अजून आहे का पाहा, आणि तिच्यात पाणी किती मावते ते मोजून ठेवा. ‘आक्का’ म्हणजे कोण, ‘वन्सं’ म्हणजे कोण, त्यांची पाळण्यातली नावे विचारून घ्या. सांगणारी माणसे आज आहेत, उद्या असतीलच असे नाही. आणि वही नसेल, तर आईजवळ, आजीजवळ, शेजारच्या मावशींजवळ बसून एकच पदार्थ लिहून घ्या. त्या “अंदाजाने” म्हणतील. तेव्हा त्यांच्या मुठीतले मीठ ताटलीत काढून घ्या आणि चमच्याने मोजा. तेवढे अर्धा चमचा मीठ आपल्या कागदावर आले, की एका बाईच्या हाताचा अंदाज तिच्यामागे उरेल.